तलावावर आलेली समुद्राची पाखरं

माझं माहेर रत्नागिरीच्या बाजूला, एका खाडीच्या तोंडाशी. लग्न होऊन मी नगरला आले ती लढाईची वर्षं होती. किनाऱ्याने चालणाऱ्या बोटी लढाईच्या कामाला गेल्या होत्या, पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून घाटातल्या मोटारींचाही भरवसा नव्हता. पहिल्या दिवाळसणाला माहेरी जाता आलं नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. त्याबद्दल मी कुणाशी बोलत नसे. बोलणार तरी कुणाशी? घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. हे कालव्यांच्या खात्यात ओव्हरसियर होते आणि त्यांची नेमणूक श्रीगोंद्याच्या बाजूला एका तलावावर होती. तिथे बिऱ्हाड करण्याजोगी जागा नव्हती. अधूनमधून रविवारला जोडून रजा मिळाली की ते नगरला येत, कपडे धुऊन घेत, पोटभर जेवत आणि परत जात.

सासूबाई फार लवकर विधवा झालेल्या. लाल आलवण, कडक सोवळं, आणि कशावरही चटकन विश्वास न ठेवणारा स्वभाव. दूधवाल्याने दूध घातलं की त्यातला थेंब नखावर घेऊन तो कसा ओघळतो ते बघायच्या. पंचांगात ग्रहण दिलं असलं तरी अंगणात परातीत पाणी ठेवून ते खरंच लागतं का, हे स्वतः पाहिल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. माझ्या माहेराबद्दल त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता, आणि न पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलणं त्यांना आवडत नसे.

पौष संपत आला होता. हे आले होते. रात्रीचं पान वाढून मी भाकरी आणायला वळले तेव्हा ते आईला म्हणाले, "तलावावर समुद्राची पाखरं आलीत."

ते आईकडे बघून बोलले, पण ते वाक्य माझ्यासाठी होतं हे मला कळलं.

"समुद्राची पाखरं समुद्रावर असतात," सासूबाई म्हणाल्या. "इथं कशाला मरायला येतील?"

"गावातले लोक म्हणतात, दरसाल येतात. पांढरी, करड्या पंखांची. पाण्यावर नुसती तरंगत बसतात आणि एकमेकांशी भांडतात."

भांडतात म्हटल्यावर मी थबकले. "कानामागं काळा ठिपका असतो का त्यांच्या?" माझ्या तोंडून निघून गेलं. सासूबाईंच्या देखत मी यांना विचारलेला तो बहुधा पहिला प्रश्न.

"एवढ्या जवळून कुणी बघितलंय?" हे म्हणाले.

सासूबाईंनी एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मग बघायला जायला पाहिजे," त्या म्हणाल्या आणि ताकाचं भांडं पुढे केलं. मला वाटलं, बोलून गेल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दशम्यांसाठी पीठ चाळत होत्या.

दौंडच्या वाटेवरच्या एका लहानशा स्टेशनावर आम्ही गाडीतून उतरलो. पुढे बैलगाडी. दोन्ही बाजूंना शाळू पोटऱ्यांतून बाहेर पडून दाण्यावर आला होता. शेताशेतांत माळ्यावर उभी राहिलेली माणसं गोफण फिरवून पाखरं उठवत होती. सासूबाई बराच वेळ ते बघत होत्या. मग गाडीवानाला म्हणाल्या, "काय रे, इथं पाखरं हाकलता, आणि तलावावर म्हणे कुणाला मारू देत नाही?"

"इथली पोटावर पाय देत्यात, आजी," तो म्हणाला. "तिथली पिराची हायत. त्यांनी आमचं काय खाल्लंय?"

पिराची हकिकत त्याने वाटेत सांगितली. तलाव बांधला तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं. घरं उठून वर माळावर आली. देवळातले देव लोकांनी वाजतगाजत नव्या गावात आणले. पण पिराची कबर कशी हलवणार? ती एका उंचवट्यावर होती. पाणी भरलं आणि त्या उंचवट्याचं बेट झालं. पहिल्याच हिवाळ्यात तिथे कुणी कधी न पाहिलेली पाखरं उतरली. पिराच्या सोबतीला आली, असं लोकांनी धरलं. तेव्हापासून त्या पाण्यावर कुणी पाखरावर हत्यार चालवत नसे. पुढे गावाने अर्ज केला आणि खात्याच्या एका साहेबाने धरणाच्या दोन्ही टोकांना पाट्या लावून दिल्या, वर इंग्रजी आणि खाली मराठी, की तलावाच्या हद्दीत शिकारीची सक्त मनाई आहे.

"पीर पाखरं बोलावतो होय," सासूबाई पुटपुटल्या. पण गाडीवानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने नाही.

त्या दिवशी पोचेपर्यंत अंधार पडला. तपासणीच्या बंगल्यामागे यांची खोली होती, तिथे राहिलो. सकाळी मी जागी झाले ती एका आवाजाने. कर्कश, हसल्यासारखा, मधूनच लहान मुलाने हट्ट धरल्यासारखा. मी अंथरुणात उठून बसले. क्षणभर मला कळेना की मी कुठे आहे. आमच्या खाडीवर कोळ्यांच्या होड्या परतल्या की हाच आवाज येतो.

केस तसेच गुंडाळून मी धरणावर धावले. खाली पाण्यावर ते होते. कुरव. आमच्याकडे त्यांना हेच म्हणतात. एकाने मासा उचलला होता आणि बाकीचे त्याच्या मागे लागले होते. कानामागचा काळा ठिपका स्पष्ट दिसत होता. पलीकडे बाभळी, त्यांच्या मागे करपलेला माळ, एक मेंढपाळ, आणि मधे आमच्या खाडीवरची पाखरं. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

सासूबाई मागून येऊन उभ्या राहिल्या होत्या. "हीच का ती?" त्यांनी विचारलं.

"हीच."

"नक्की?"

"आई, मी यांच्या आवाजावर वाढलेय."

डोळ्यांवर हात धरून त्या लांब बघत होत्या. "आणि तिकडे बेटापाशी धुणं कुणाचं वाळत घातलंय?"

बेटामागच्या उथळ पाण्यात खरंच एक लांब पांढरी रांग दिसत होती, दोरीवर धोतरं टाकावीत तशी. तळ्यात मासेमारी करणारा एक भोई काठाशी जाळं सोडवत बसला होता. तो म्हणाला, "धुनं न्हाई आजी, ते वऱ्हाड हाय." ही उंच पायांची पाखरं रांगेने येतात, रांगेने चालतात, म्हणून गावात त्यांना वऱ्हाड म्हणत. त्यांना रोहित म्हणतात हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. आमच्या खाडीवर मी ती कधी पाहिली नव्हती.

"जवळ जाता येईल?" सासूबाईंनी विचारलं.

"काहिलीतून नेतो की."

आता काहील म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करायची ती भलीमोठी लोखंडी कढई. तिकडे तीच पाण्यात सोडून माणसं पलीकडे जात. होडीत वाढलेल्या मला ती बघूनच धडकी भरली. तिला ना पुढचं टोक, ना मागचं. हे म्हणाले, "आई, काही झालं म्हणजे?"

"लोक जातात ना रोज?" सासूबाई म्हणाल्या. आलवणाचा पदर खोचला, दशम्यांचं गाठोडं आणि पाण्याचा तांब्या मांडीवर घेतला आणि काहिलीच्या तळाशी बसल्या. मीही बसले. यांना बंगल्यावर काम होतं. कुणी मोठे साहेब पाहुणे घेऊन यायचे होते, म्हणून हे काठावरच राहिले.

काहील गरगर फिरत पुढे जाते. एकदा धरण दिसे, एकदा बेट, एकदा बाभळी. मला मळमळायला लागलं. सासूबाई मात्र ताठ बसून भोयाला विचारत होत्या, तळ किती खोल, खाली जुन्या गावाच्या भिंती अजून उभ्या आहेत का, उन्हाळ्यात त्या दिसतात का. तो सांगत होता, पाणी लई आटलं तर जुन्या वेशीचा दगुड दिसतो.

बेटावर दर्ग्याची झाडलोट करणारी एक म्हातारी होती. नवरा गेल्यावर तिनेच ते काम चालवलेलं. तिने आम्हाला बसायला पोतं अंथरलं. सासूबाई पोत्यावर बसल्या नाहीत, शेजारच्या दगडावर बसल्या. म्हातारीला त्यात काही वाटलं नसावं. तीही आपल्या दगडावर बसली.

आणि मग आम्ही ते वऱ्हाड बघितलं. काठीसारखे गुलाबी पाय, लांबलचक मान, आणि चोच मधेच मोडून खाली वळवल्यासारखी. डोकं पार उलटं करून ती चोच पाण्यात धरायची आणि पाय नाचवत गाळ ढवळायची. सासूबाईंनी मान वाकडी करकरून पाहिलं. "डोकं उलटं धरून जेवतात," त्या म्हणाल्या. "गिळतात कसं पण?"

"ते आमाला बी कळलं न्हाई, आक्का," म्हातारी म्हणाली. "मी लगीन हून आल्यापून बघती."

उन्हं चढली तसं वारं सुटलं. पाण्यावर लाटा उठायला लागल्या. भोई म्हणाला, वारं पडल्याशिवाय काहील घालता येणार नाही, उलटी होईल. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या चिडतील, मला बोलतील असं वाटलं. पण त्यांनी गाठोडं सोडलं, एक दशमी मला दिली, एक वरून म्हातारीच्या पदरात टाकली, एक भोयाच्या हातावर. तांब्यातलं पाणी संपलं तेव्हा स्वतः उठून तलावाशी गेल्या, हाताने पाणी बाजूला सारून तांब्या भरला आणि प्यायल्या. नगरच्या घरात दुसऱ्या कुणी भरलेलं पाणी त्या घेत नसत. इथे पिराच्या बेटावर त्या पाणी प्यायल्या, आणि मी ते पाहिलं, याची त्यांना चिंता दिसली नाही.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्याकडचा समुद्र केवढा असतो?"

या तलावाएवढा, त्या डोंगरापर्यंत, असं काही म्हणता येत नव्हतं. मी भरतीपासून सुरुवात केली. पाणी दिवसातून दोनदा खाडीत आत शिरतं आणि दोनदा मागे जातं, हे ऐकून त्यांनी मला थांबवलं. "कुणी सोडतं का ते? कालव्यासारखं?"

"नाही, आपलं आपण."

"आणि रोज त्याच वेळी?"

"रोज थोडं उशिरा."

"का?"

"चंद्रावर असतं असं माझे वडील म्हणतात."

त्यांनी तिथी विचारली, अमावस्येला काय होतं विचारलं, अष्टमीला काय होतं विचारलं. मी सांगत गेले. खडकावरची कालवं फोडायचा कोयता, चिखलात रुतणारे पाय, आई माडीवरून मारायची ती हाक. दोन वर्षांत मी एवढं बोलले नव्हते. म्हातारीही पुढे सरकून ऐकत होती.

"मग ही पाखरं तिथली. तुझ्या माहेरची," सासूबाई कुरवांकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले. मला ते फार बरं वाटलं.

म्हातारी म्हणाली, "व्हळी झाली की जात्यात बगा. तोंडं तांबडी-काळी हुत्यात आन् एक दिस उठून जात्यात."

"कुठे, हिच्याकडे?"

मी हो म्हणणार होते, पण अडखळले. उन्हाळ्यातली आमची खाडी मी डोळ्यांपुढे आणून बघितली. वैशाखात आंबे उतरवलेले, वाळूत होड्या ओढून ठेवलेल्या, मासळी वाळत टाकलेली. त्यावर कावळे होते, घारी होत्या. कुरव मला कुठेच आठवेनात. दिवाळीला असायचे, संक्रांतीला असायचे. वैशाखात नसायचे. एवढी वर्षं त्या काठावर राहून ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती.

मी तसं सांगितलं. सासूबाई माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. "म्हणजे तुमच्याकडेही ती पाहुणीच," त्या म्हणाल्या. "मग यांचं घर कुठे?"

आमच्या तिघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं. पण त्या प्रश्नाने आम्हाला धरून ठेवलं. म्हातारी म्हणाली, उत्तरेकडून येतात, तिने येताना पाहिलंय. भोई म्हणाला, त्याचा भाचा पलटणीत आहे, त्याने मिसर देशात हे वऱ्हाड पाहिलं असं तो सांगतो. सासूबाईंनी मिसर कुठे, बोटीने किती लांब, वाटेत पाखरं उतरायला जमीन आहे का, असं सगळं त्याला विचारलं. तो आपला हसत होता.

तेवढ्यात बार झाला.

मी आयुष्यात बंदुकीचा आवाज ऐकलेला नव्हता. धरणाच्या बाजूने तो आला आणि पाण्यावरून आमच्यापर्यंत घरंगळत पोचला. पुढच्या क्षणी तलाव उठला. बदकं, कुरव, बगळे, सगळे. आणि ते पांढरं वऱ्हाड पाण्यावरून धावत धावत वर चढलं आणि त्यांनी पंख उघडले, तर आतून लालभडक. पांढऱ्या लुगड्याला आतून कुंकवाचा रंग असावा तसं. सकाळभर आम्ही त्यांना पाहत होतो, पण हा रंग त्यांनी झाकून ठेवला होता. मी तोंड उघडं ठेवून वर बघत राहिले. अशी भीती आणि असा आनंद एकाच वेळी मला पुन्हा कधी वाटलेला नाही.

म्हातारी मात्र आत धावली, परात आणि उलथनं घेऊन आली, आणि काठावर उभी राहून बडवायला लागली. "मारू नका रंऽ! पिराची हायत रंऽ!" दुसरा बार झाला. एक कुरव हवेतच मोडल्यासारखा झाला आणि पाण्यात पडला. तेव्हा माझ्या शेजारून आवाज आला, "अरे मेल्यांनो!" सासूबाई उभ्या होत्या. घरात शेजारणीलाही हाक मारताना त्यांचा आवाज चढत नसे. इथे त्या पदर सोडून दोन्ही हात हलवत ओरडत होत्या, "मेल्यांनो, दिसत नाही का रे!" मीही ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

धरणावर मुंगीएवढी तीन माणसं दिसत होती. ती थांबली. थोड्या वेळाने बंगल्याकडे निघून गेली.

भोयाने कमरेएवढ्या पाण्यात शिरून तो कुरव आणला. तो मेला होता. जन्मभर ज्यांना पाहिलं त्यांतला एकही मी कधी हातात घेतला नव्हता. केवढा हलका. लाल चोच, लाल पाय, बोटांमध्ये पातळ कातडं. सासूबाई पुढे आल्या, वाकल्या, आणि एका बोटाने त्यांनी ते कातडं ताणून पाहिलं. मेलेल्याला शिवल्यावर स्नान करावं लागतं हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. "बदकासारखं आहे," त्या हळूच म्हणाल्या. म्हातारीने दर्ग्यामागे उकरून त्याला पुरलं.

दिवस कलताना वारं पडलं. आम्ही काठाला लागलो तेव्हा हे उभेच होते. त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "आई, मोठे साहेब आहेत. पाहुणे गोरे आहेत, छावणीतले. मी पाटी दाखवली, पण साहेबांनीच..."

सासूबाई सरळ बंगल्याच्या बाजूने निघाल्या. हे मागे, मी त्यांच्याही मागे. मोटार पाटीच्या जवळच उभी होती. साहेब आणि त्यांचा पाहुणा, एक गोरा तरुण, तिथेच उभे राहून चहा पीत होते, बंदुका मोटारीला टेकवलेल्या. साहेब आपल्याकडचेच, आमच्याच भाषेचे. आलवणातली बाई समोर आलेली बघून त्यांनी कप खाली ठेवला आणि नमस्कार केला.

"मी यांची आई," सासूबाई म्हणाल्या. "मला वाचता येत नाही. तेवढं त्या पाटीवर काय लिहिलंय, ते वाचून दाखवता का?"

साहेब हसले. मग हसू तसंच ओठांवर राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. गोऱ्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं. साहेबांनी पाटीकडे पाहिलं आणि मराठी मजकूर वाचला, अगदी शेवटपर्यंत, हलक्या आवाजात.

"बरं झालं सांगितलंत," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, दुसरंच काही लिहिलं असेल." आणि त्या विहिरीकडे स्नानाला गेल्या.

गोऱ्याने तोवर वरचा इंग्रजी मजकूर वाचला होता. त्याचे कान लाल झाले. यांच्याजवळ येऊन तो काही बोलला. आपल्याला पाटीची काही कल्पना नव्हती, असं तो म्हणाला, हे यांनी नंतर सांगितलं. त्या दिवशी पुन्हा बार झाला नाही.

हे मात्र आईवर रागावले. नोकरीचा प्रश्न आहे, म्हणाले. दोन दिवस त्यांनी तिच्याशी नीट बोलणं टाकलं. पावसाळ्याआधी त्यांची बदली झाली, कोल्हारकडे प्रवरेच्या कालव्यावर. ती त्या प्रसंगामुळे झाली की व्हायचीच होती, हे आम्हाला कधी कळलं नाही. कोल्हारला राहायला चांगली जागा होती, त्यामुळे आम्ही तिघं पहिल्यांदाच एका घरात आलो. ती बदली मला तरी शिक्षा वाटली नाही. यांनाही पुढे पुढे वाटेनाशी झाली.

लढाई थांबली आणि बोटी पुन्हा सुरू झाल्या तशा सासूबाई एक दिवस म्हणाल्या, "चल, तुला पोचवायला मीच येते." बोटीत त्यांना फार त्रास झाला, डोकं वर काढता आलं नाही. पण उतरल्यावर, माझ्या आईने पुढे केलेलं गूळपाणी घ्यायच्या आधी, त्या खाडीच्या काठावर गेल्या आणि पाणी सरकताना बघत उभ्या राहिल्या. रात्री ओटीवर गावातली माणसं जमली तेव्हा त्यांनी वऱ्हाडाची हकिकत सांगितली. उलटं डोकं, नाचणारे पाय, पंखांच्या आत लाल. माझे वडील उभा जन्म समुद्राकाठी राहिलेले. ते म्हणाले, "विहीणबाई, असला पक्षी नसतो."

"नसतो कसा? मी पाहिलाय."

"देशावर? पाणी कुठे आहे तुमच्याकडे?"

"माघात या," सासूबाई म्हणाल्या. "काहिलीत बसायची तयारी ठेवा."

वडील आले नाहीत. आई मात्र आली.